सोलापूरच्या शाळेतल्या फळ्यावर कोणत्या तारखा लिहाव्यात?

तुमचा प्रश्न असा आहे: सोलापूरला नुकतीच बदली झाली आहे, शाळेत दिनविशेषाचा फळा लिहायचं काम तुमच्याकडे आलं आहे, बाजारातल्या दिनविशेषाच्या पुस्तकांत सगळं पुण्या-मुंबईचं किंवा जगाचं असतं, तर सोलापूरच्या इतिहासातल्या कोणत्या तारखा मुलांपुढे ठेवाव्यात?

मी जन्माने सोलापूरकर, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

१२ जानेवारी तुम्हाला कुणीही सांगेल. त्या दिवशी महाराष्ट्रभर जिजाऊ जयंती असते आणि देशभर विवेकानंद जयंती. आमच्याकडे त्यात तिसरी भर पडते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चार सोलापूरकरांना फाशी दिलं गेलं. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी आणि एक मुसलमान. कुर्बान हुसेन तर विशीतला पोरगा, गिरणी कामगारांत वावरणारा, ‘गझनफर’ नावाचं साप्ताहिक चालवणारा. शहरात ‘चार पुतळे’ कुठे म्हणून विचारलंत तर रिक्षावाला तुम्हाला बरोबर त्यांच्यापाशी नेऊन सोडेल. १२ जानेवारीला तिथे हार घातले जातात, शाळांच्या फेऱ्या येतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो छापून येतात.

हे सगळं चांगलंच आहे. पण या चौघांना फाशी का झाली, हे त्याच फेरीतल्या मुलांना विचारून बघा. ‘स्वातंत्र्यासाठी’ एवढंच उत्तर येईल. याचं कारण मला अगदी साधं वाटतं. ज्या घटनेमुळे हे खटले झाले ती मे महिन्यात घडली, आणि मे महिन्यात शाळांना सुट्टी असते. आमच्या शहराच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा आठवडा कुठल्याच फळ्यावर कधी आला नाही, कारण त्या आठवड्यात फळ्यासमोर कुणी नसतंच.

म्हणून तो आठवडा जरा सविस्तर सांगतो.

५ मे १९३०. मिठाचा सत्याग्रह सुरू होऊन महिना झाला होता. आदल्या रात्री उशिरा गांधीजींना अटक झाली आणि त्यांची रवानगी येरवड्याला झाली. सोलापूर तेव्हा लाखाहून जास्त वस्तीचं गिरणगाव होतं. जुनी मिल, विष्णू मिल, लक्ष्मी मिल, नरसिंग गिरजी मिल, भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. अटकेची बातमी आली तशी दुकानं बंद झाली आणि मिरवणुका निघाल्या. दारूबंदी हा तेव्हाच्या चळवळीचाच एक भाग, त्यामुळे शिंदीची झाडं तोडणं हाही सत्याग्रह होता. ८ मे रोजी रूपाभवानीच्या मंदिराच्या बाजूला लोक शिंदीची झाडं तोडायला गेले. पोलिसांनी काही जणांना पकडलं. जमावाने वाट अडवली आणि आमची माणसं सोडा म्हणून हट्ट धरला. कलेक्टर नाइट तिथे आला. मल्लप्पा धनशेट्टी त्या वेळी लोकांना आवरत होते असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. पण गोळीबार झाला, आणि हातात झेंडा घेऊन पुढे आलेला शंकर शिवदारे हा तरुण पडला. सोलापूरचा तो पहिला हुतात्मा. चार पुतळ्यांत तो नाही, म्हणून फळ्यावर त्याचं नाव आवर्जून लिहा.

त्यानंतर जे झालं ते गोड करून सांगू नका. चिडलेला जमाव मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीवर गेला आणि तिथे दोन पोलीस मारले गेले. कोर्टाला आग लागली. पुन्हा गोळीबार झाला, आणखी माणसं गेली. आठवी-नववीच्या मुलांना हे सगळं सांगता येतं, आणि सांगितलं नाही तर पुढचा खटला त्यांना कळतच नाही. चौघांवर आरोप होता तो या चौकीवरच्या हत्यांचा. सोलापुरात कुणालाही विचारा, चौघांचा त्या हत्यांशी संबंध नव्हता, त्यांना मुद्दाम गोवलं, असंच सांगेल. मलाही तसंच वाटतं. सरकारला चळवळीच्या पुढच्या फळीतली माणसं हवी होती आणि ती त्याने उचलली. शिक्षा झाली, अपील फेटाळलं गेलं.

मधले तीन दिवस मात्र वेगळे होते. ९, १० आणि ११ मे. पोलीस शहरातून काढून घेतले गेले होते आणि गल्ल्यांमध्ये ब्रिटिश सरकार असं उरलंच नव्हतं. गोऱ्या कुटुंबांना बाहेर हलवलं गेलं. शहराचा बंदोबस्त काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळला, रहदारीसुद्धा तेच बघत होते. ‘स्वातंत्र्याच्या सतरा वर्षं आधी स्वातंत्र्य भोगलेलं शहर’ ही आमची लाडकी ओळ त्यातून आली. भाषणांत ती इतकी घासली गेली आहे की मला आता जरा कंटाळा येतो. तीन दिवसांच्या त्या व्यवस्थेला राज्य म्हणणं जास्त होईल. पण वरचा अंमलदार गायब झाल्यावर एवढं मोठं कामगारांचं गाव लुटालुटीत न पडता आपलं आपण चाललं, ही गोष्ट मला त्या ओळीपेक्षा मोठी वाटते.

१२ मे रोजी मार्शल लॉ लागला. लष्कर रस्त्यावर आलं. तिरंगा घेऊन फिरणं गुन्हा, गांधी टोपी घालणं गुन्हा, त्यासाठी वर्षानुवर्षांच्या कैदेच्या शिक्षा. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीत लग्नं आणि जन्म यांचा हिशेब ‘मार्शल लॉच्या आधी’ आणि ‘मार्शल लॉनंतर’ असा व्हायचा. तो उठला ३० जूनला.

आणि इथेच तुमच्या कामाची गोष्ट आहे. ३० जूनला शाळा सुरू झालेली असते! तेव्हा मेमधलं सगळं तुम्ही त्या दिवशी फळ्यावर आणा. ‘३० जून १९३०: सोलापुरातला मार्शल लॉ उठला’ एवढं शीर्षक आणि खाली ८ मे ते १२ मेच्या तारखा. मुलं आपणहून विचारतील की लागला कशामुळे होता. मग १२ जानेवारीला तेच सूत्र पुढे नेता येईल. त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगा, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही: चौघांना फाशी दिलं तेव्हा गांधीजी त्याच येरवड्याच्या तुरुंगात होते. ते सुटले २६ जानेवारी १९३१ ला, म्हणजे फाशीनंतर दोन आठवड्यांनी. ज्यांच्या अटकेवरून सोलापूर पेटलं ते आणि त्यापायी फासावर गेलेले चौघे एकाच तटबंदीच्या आत होते.

१२ जानेवारीची दुसरी बाजू परगावच्या माणसाला कळत नाही. त्याच दिवसांत सिद्धेश्वराची यात्रा भरते, आमची गड्डा यात्रा. भोगीला नंदीध्वजांची मिरवणूक अडुसष्ट लिंगांना फिरते आणि लिंगांना तैलाभिषेक होतो, त्याला यण्णीमज्जन म्हणतात. संक्रांतीला अक्षता, म्हणजे सिद्धेश्वराचा प्रतीकात्मक विवाह, आणि किंक्रांतीला होम. बाराबंदी घातलेली माणसं सात नंदीध्वज पेलत निघतात, ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ असा घोष होतो, आणि शहरात दुसऱ्या कशाला जागा राहत नाही. आमचे बहुतेक सण तिथीने सरकतात, संक्रांत मात्र सूर्यावर चालते, म्हणून यात्रा दरवर्षी जवळपास त्याच तारखांना येते. १९३१ मध्येही संक्रांत एक-दोन दिवसांवर होती. सगळं गाव ग्रामदैवताच्या लग्नाच्या तयारीत आणि येरवड्याहून ही बातमी. त्या वर्षीच्या यात्रेत लोकांना काय वाटलं असेल, यावर मुलांकडून चार ओळी लिहून घेतल्यात तर चांगलं होईल.

६ एप्रिलही लिहा, परीक्षांची गडबड असली तरी. १९३० च्या त्या दिवशी गांधीजींनी दांडीला मीठ उचललं आणि सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा लागला. देशात नगरपालिकेवर पहिला तिरंगा आमचा, असं सोलापूरकर सांगतात. तेव्हाच्या तिरंग्यावर चरखा असायचा हे मुलांना दाखवा, चित्र काढायला त्यांना आवडतं. पुढे मार्शल लॉमध्ये झेंड्यावर एवढा राग का निघाला, त्याचं एक उत्तर इथेही आहे.

सप्टेंबरमध्ये १३ तारीख. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, धाराशिवला तुमची कुणी मैत्रीण शिक्षिका असेल तर तिच्याकडे त्या दिवशी झेंडावंदन असतं. सोलापूर जिल्हा इंग्रजांकडे होता, त्यामुळे आमच्याकडे १७ तारखेला तसं काही नाही. पण निजामाची हद्द इथून पूर्वेला थोड्याच अंतरावर सुरू व्हायची. रझाकारांच्या जाचाला कंटाळलेली माणसं हद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे यायची आणि मुक्तिसंग्रामाची शिबिरंही या सरहद्दीवर होती. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालची मुख्य फौज सोलापूरहूनच हैदराबादच्या रस्त्याला लागली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं. पाचव्या दिवशी निजामाने शरणागती दिली. आमच्याकडे जुनी माणसं याला ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतात. नळदुर्गला शाळेची सहल नेहमी जाते, पण नर-मादी धबधबा बघून परत येते. किल्ला दाखवताना ही तारीखही सांगा, सहल शक्यतो सप्टेंबरातच काढा, तेव्हा धबधब्यालाही पाणी असतं.

डॉक्टर कोटणीसांच्या दोन तारखा आहेत, १० ऑक्टोबर आणि ९ डिसेंबर. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये सोलापुरात जन्मले, मुंबईला डॉक्टर झाले आणि १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत होते. बाकीचे परत आले, हे राहिले. तिथेच क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि १९४२ च्या डिसेंबरात अवघ्या बत्तिसाव्या वर्षी अपस्माराच्या झटक्यांनी गेले. चीनमध्ये शीच्याच्वांगला त्यांची समाधी आहे, तिथले पुढारी भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटायचे. सोलापुरात त्यांचं घर आता स्मारक आहे. फळ्यापेक्षा वर्ग घेऊन तिथे जाणं बरं. १० ऑक्टोबर कधीकधी दिवाळी-दसऱ्याच्या धामधुमीत सापडतो, त्यामुळे मी ९ डिसेंबर निवडेन.

बाकी छोट्या तारखा: १ ऑगस्ट १८५२ नगरपालिका, १ मे १९६४ महापालिका, १ ऑगस्ट २००४ विद्यापीठ. एका ओळीत आटपा. १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे जयंती असतेच, मुलं नगरपालिकेची ओळ वाचणार नाहीत.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. पूर्व भागातली शाळा असेल तर निम्मी मुलं पद्मशाली घरांतली असतील, घरी तेलुगू बोलणारी. त्यांच्यासाठी वर्षातला मोठा दिवस नारळी पौर्णिमा, त्या दिवशी मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. तो तिथीने येतो, तेव्हा गेल्या वर्षीच्या वहीतून तारीख उतरवू नका, दरवर्षी कालनिर्णय बघूनच लिहा. रथाच्या दिवशी वर्ग तसाही रिकामाच असेल, म्हणून फळा आदल्या दिवशी लिहून ठेवा.