नकाशा अर्धाच आहे, दाखवू का?

प्रश्न: मॅडम, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चार वर्षांपासून 'मेघवाट' नावाचं एक काल्पनिक जग रचतेय. सात राज्यं, दोन कालगणना, स्वतंत्र लिपी आणि दोन वह्या भरून इतिहास आहे. तिथे जादू केली की करणाऱ्याची एक आठवण कायमची पुसली जाते. कथा मात्र अजून एकही पूर्ण झालेली नाही. हे अर्धवट जग ऑनलाइन टाकून लोकांची मतं मागवावीत असं वाटतं. बाबा म्हणतात, कोणीतरी चोरेल. मैत्रीण म्हणते, आधी पूर्ण कर, नाहीतर हसं होईल. मला याच क्षेत्रात काम करायचं आहे. नकाशा सोबत जोडला आहे.

उत्तर: पत्र वाचायच्या आधी मी नकाशाच उघडला, तेव्हा सुरुवात तिथूनच करते. तुझी तांबडी नदी डोंगरातून निघते, मध्येच दुभंगते आणि तिचा एक फाटा पूर्वेच्या समुद्राला मिळतो, दुसरा पश्चिमेच्या. हा नकाशा उद्या ऑनलाइन टाकलास तर पहिल्या काही प्रतिक्रियांत ही नदी येणारच. नद्या वाटेत एकमेकींना मिळत जातात. त्यांना फाटे फुटतात ते बहुधा मुखाशी, सपाट त्रिभुज प्रदेशात. कोणीतरी हे जरा उर्मटपणे सांगेल, तुला वाईट वाटेल आणि तू नदी पुसून टाकशील.

पुसू नकोस. दक्षिण अमेरिकेत कासिक्यारे नावाचा प्रवाह ओरिनोको नदीतून फुटतो आणि रिओ निग्रोमार्गे ॲमेझॉनला जाऊन मिळतो. १८०० साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टने त्यातून होडीने प्रवास केला होता. तेव्हा असं घडू शकतं, फक्त फार क्वचित. आता मला सांग, इतकी दुर्मीळ गोष्ट आपल्याकडे आहे हे तुझ्या सात राज्यांना ठाऊक आहे का? ज्याच्या ताब्यात तो फाटा, त्याच्या ताब्यात दोन्ही समुद्रांचा व्यापार. तिथे किल्ला हवा, जकातनाका हवा, पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडण हवं. तुझ्या नकाशावर तिथे कोरी जागा आहे आणि शेजारी एक छान हरीण काढलंय.

चार वर्षांत हा प्रश्न तुला कोणी विचारला नाही, कारण नकाशा परक्या माणसाने पाहिलेलाच नाही. म्हणून दाखव, आत्ताच दाखव. पण दोन वह्या दाखवू नकोस. अनोळखी माणूस सात राज्यांच्या वंशावळी वाचत नाही. मी तुझं पत्र उत्तर द्यायला घेतलं होतं, तरी तिसऱ्या राजघराण्याशी माझंही लक्ष उडालं. जग अर्धं असू दे, दाखवलेला तुकडा मात्र पुरा हवा. एक माणूस, एक दिवस, एक जादू आणि तिच्यापायी गेलेली एक आठवण, असा हजार-दीड हजार शब्दांचा प्रसंग. त्यातून मेघवाट जेवढी दिसेल तेवढी पुरे.

मोठी माणसंही असंच करतात. 'बॉल्डर्स गेट ३' हा गेम ऑक्टोबर २०२० मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच खेळायला, आला तेव्हा खेळणाऱ्यांना फक्त पहिला अंक खुला होता. त्यावरची मतं घेत घेत पूर्ण गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आला. लेखक अँडी वीअर यांनी 'द मार्शियन' ही कादंबरी २००९ पासून प्रकरणाप्रकरणाने स्वतःच्या वेबसाइटवर टाकली. विज्ञान जाणणारे वाचक चुका दाखवायचे, वीअर त्या दुरुस्त करायचे. छापील पुस्तक मोठ्या प्रकाशकाकडून आलं ते २०१४ मध्ये.

आता मत मागायचं कसं. 'कसं वाटलं?' असं विचारलंस तर 'मस्त!' एवढंच हाती येईल. त्याऐवजी विचार की वाचणं कुठे सोडावंसं वाटलं, कोणती दोन नावं एकमेकांत मिसळली, आणि जादूचा नियम तुमच्या शब्दांत सांगा. हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. वाचकाला नियम सांगता आला नाही तर तो गोष्टीत उतरलेलाच नाही, वहीत राहिलाय. मला स्वतःला एक शंका आहेच: कोणती आठवण जाणार हे ठरवतं कोण? आणि ती गेल्यावर माणसाला काय गेलं हेच आठवत नसेल, तर किंमत मोजल्याचं त्याला कळतं कसं?

पहिला आठवडा कोणालाही उत्तर देऊ नकोस. 'पुढे कळेल' हे तर अजिबात लिहू नकोस. वाचक बोट ठेवतो ती जागा बहुतेकदा खरंच दुखरी असते. तो सांगतो ते औषध मात्र सहसा चुकीचं. 'मधला भाग रेंगाळतो, एक ड्रॅगन टाक' यातलं अर्धंच वाक्य घ्यायचं. तिघे वेगवेगळे जण एकाच जागी अडखळले तर तिथे दुरुस्ती कर. एकटाच अडखळला तर टिपून ठेव. मैत्रिणीला यातून वगळ. चार वर्षं ऐकून ऐकून तिला सगळं पाठ आहे, गाळलेल्या जागा ती मनातच भरते.

बाबांची भीती निम्मी खरी आहे. कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय बर्न करार मानणाऱ्या देशांत लिहिताक्षणीच लेखनावर तुझा कॉपीराइट असतो, नोंदणीची अट नाही. पण नुसत्या कल्पनेला संरक्षण नसतं. 'जादूची किंमत आठवण' हे उद्या कोणीही वापरू शकतं, आधीही वापरलं गेलंय. तुझी वाक्यं, तू काढलेला नकाशा तुझा. मला खरी काळजी वेगळीच वाटते: अनेक मासिकं आणि स्पर्धा ऑनलाइन खुलेपणाने टाकलेलं लेखन 'आधीच प्रसिद्ध' धरतात. म्हणून जी कथा कुठे पाठवायची आहे ती खुली टाकू नकोस, छोट्या बंद गटात दाखव, आणि तरीही त्यांचे नियम आधी वाच. कोणी उत्साहाने आख्खा परिच्छेद लिहून दिला तर तो तसाच चिकटवू नकोस, ते लेखन त्याचं आहे. प्रत्येक खर्ड्यावर तारीख घालून जुना खर्डा जपून ठेव.

राहिलं काम. नुसती जगं रचण्याची नोकरी क्वचितच असते. गेममध्ये नॅरेटिव्ह डिझायनर (खेळातून गोष्ट कशी उलगडेल हे आखणारे), लेखक, कन्सेप्ट आर्टिस्ट (जग आणि पात्रं कशी दिसतील याची आधी चित्रं काढणारे) असतात. प्रकाशनात संपादक असतात. तिथे निवड करणारा माणूस छोटा, पुरा झालेला नमुना बघतो. ट्वाइन नावाचं मोफत साधन आहे, त्यात वाचकाच्या निवडीप्रमाणे फाटे फुटणारी गोष्ट करता येते. एक करून बघ. पोर्टफोलिओत पहिला खर्डा, त्यावर आलेली मतं आणि सुधारलेला खर्डा शेजारी शेजारी ठेव. तुला दुसऱ्यांबरोबर काम करता येतं हे त्यावरून कळेल. तू कोणता विषय शिकतेस ते पत्रात नाही; सात राज्यं आली, तो राहिला! जो असेल तो पूर्ण कर.

सध्या एवढंच कर. तांबडीच्या फाट्यावर एक जकातदार बसव. तो रोज जादूने पाण्याचं दार उघडतो. आज सकाळी कामावर येताना तो काय विसरलाय? ते लिही, तुला न ओळखणाऱ्या पाच जणांना दाखव, आणि हरणाचं काय केलंस ते मला कळव.