समुद्र नंतर बघा, आधी न्हाणीघर

वाचकांचे प्रश्न : ज्येष्ठांचा प्रवास

दिवाळीनंतर कोकणात राहायला येणाऱ्यांची पत्रं या महिन्यात बरीच आली. हॉटेल नको, आठ-पंधरा दिवस घरच भाड्याने घ्यायचं, असं बहुतेकांच्या मनात आहे. मला हा विचार आवडतो. मी गुहागरात राहते आणि निवृत्तीपर्यंत सरकारी रुग्णालयांत नर्स होते. खुबा मोडून आलेली कितीतरी वडीलधारी माणसं मी वॉर्डात पाहिली, आणि त्यातली बरीचशी घरातच पडलेली असायची, उंबऱ्याशी नाहीतर ओल्या लादीवर. त्यामुळे कोणी घराचे फोटो पाठवले की माझी नजर आधी तिकडे जाते. तुमचीही जावी.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा, पत्नी ६८ची. तिच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. नोव्हेंबरात पंधरा दिवस गुहागर किंवा दापोलीकडे राहायचा बेत आहे. मुलगा म्हणतो हॉटेलच घ्या, काही झालं तर हाकेला माणूस असतं. आम्हाला ओटी-अंगण असलेलं घर हवंय. काय करावं? (पुणे)

घर घ्या. पण मुलगा म्हणतो त्यात तथ्य आहे, त्याची सोय आधी लावा. हॉटेलात रात्री दोन वाजता बेल दाबली तर कोणीतरी उठून येतं. भाड्याच्या घरात ते माणूस आपण आधीच शोधून ठेवायचं असतं. म्हणून मालक त्याच आवारात राहतो असं घर मिळालं तर सर्वांत उत्तम. तसं नसेल तर शेजारचं कुटुंब देखभाल करतं असं बघा. मालक मुंबईत आणि किल्ली कुंडीखाली, असं घर कितीही देखणं असलं तरी या वयात घेऊ नका.

पंधरा दिवस एका खोलीत काढणं जड जातं. एकाला पहाटे चारला जाग येते, दुसऱ्याला सहापर्यंत झोप हवी असते. दोन खोल्या असल्या की दिवा लावायला, रेडिओ लावायला संकोच वाटत नाही. दुपारी भूक नसेल तर नुसती पेज करून घेता येते. ओटीवर बसलं की येणारा-जाणारा विचारपूस करतो. हे सुख हॉटेलात नाही, म्हणूनच मी घराच्या बाजूने आहे.

आता घर कसलं? कौलारू, जांभ्याच्या चिऱ्यांचं जुनं घर फोटोत फार सुंदर दिसतं. पण जोतं उंच म्हणजे दारात तीन-चार पायऱ्या, आणि त्यांना बहुधा कठडा नसतो. आत प्रत्येक दाराला उंबरा. न्हाणीघर मागच्या पडवीत, तेही एक पायरी खाली, कारण तिथलं पाणी पूर्वी आगरातल्या केळी-माडांना सोडायचे. मालकांनी हल्ली कमोड बसवलेला असतो, लादी मात्र गुळगुळीत चकचकीत घातलेली असते. साबणाचं पाणी सांडलं की त्यावर तरण्या माणसाचाही पाय टिकत नाही. शिवाय कोकणातल्या कित्येक वाड्यांमध्ये गाडी रस्त्यावरच थांबते आणि घरापर्यंत पाखाडी उतरावी लागते. त्या दगडी पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणं अवघड जातं, तेव्हा ‘गाडी दारात येते का?’ हे पहिल्याच फोनला विचारा. ‘जवळच येते’ या उत्तरावर समाधान मानू नका, किती पायऱ्या ते विचारा.

सुट्या फोटोंवरून घर कळत नाही. मालकाला एक व्हिडिओ मागा, आणि तो असा : फोन हातात धरून पलंगापासून निघायचं आणि मध्ये न थांबता थेट संडासापर्यंत चालत जायचं. कॅमेरा जमिनीकडे ठेवायला सांगा. उंबरे किती, पायरी कुठे, लादी कसली, दिव्याचं बटण दाराच्या आत की बाहेर, सगळं त्या मिनिटभरात दिसतं. रात्री तीन वाजता अर्धवट झोपेत तुमच्या पत्नीला हेच अंतर चालायचं आहे. पलंग गुडघ्याच्या उंचीचा आहे ना, तेही बघा. न्हाणीघरात प्लास्टिकचं भक्कम स्टूल आणि भिंतीला धरायची दांडी मागा. पंधरा दिवसांचं भाडं येणार असेल तर चांगला मालक दांडी ठोकून देतो. नाही म्हणणाऱ्याकडे पुढे आणखी काही मागायची वेळ आली तर तो काय करील, ते तिथेच कळतं.

फ्लॅटचा पर्याय वाईट नाही. दापोलीत, रत्नागिरीत मुंबई-पुणेकरांचे फ्लॅट पुष्कळ आहेत. लादी सपाट, उंबरे नाहीत, कमोड असतोच. पण हे फ्लॅट वर्षातले बरेच महिने बंद असतात. उघडल्यावर गादीला कुबट वास येतो, गिझर चालत नाही, नळाला हवा येते. तुम्ही पोचण्याच्या दोन दिवस आधी कोणीतरी उघडून, गाद्या उन्हात टाकून, गिझर लावून बघेल एवढं कबूल करून घ्या. आणि तळमजलाच घ्या. वारा सुटला की आमच्याकडे वीज जाते, आणि जनरेटर नसेल तर लिफ्ट बंद. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, फ्रीज बहुधा चालत नाही. इन्सुलिन घेत असाल तर वीज गेल्यावर ते कसं गार ठेवायचं, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

दवाखान्याचं स्पष्ट सांगते. गुहागरात ग्रामीण रुग्णालय आहे, दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे. हृदयविकाराचा त्रास असेल तर मात्र गुहागरहून चिपळूण सुमारे ४५ किलोमीटर आहे, आणि डेरवणचं वालावलकर रुग्णालय त्याच्याही पुढे, सावर्ड्याजवळ. असा त्रास असणाऱ्यांनी किनाऱ्याचा हट्ट सोडून रत्नागिरी शहरात घर घ्यावं. समुद्र तिथेही आहे. १०८ची रुग्णवाहिका फोन केल्यावर येते, पण तिला पत्ता लागतो. ‘समुद्राजवळचं कौलारू घर’ सांगून गाडी कशी येणार? पोचल्या दिवशीच वाडीचं नाव, जवळचं देऊळ, घरमालकाचं आडनाव आणि त्याचा फोन मोठ्या अक्षरात कागदावर लिहा आणि दाराजवळ लावा.

आणखी एक. चिऱ्यांच्या भेगांत, लाकडांच्या राशीत विंचू असतो. आमच्याकडचा लाल विंचू विषारी आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून दगावणाऱ्यांचं प्रमाण खूप खाली आलं. पण त्यासाठी रुग्णालयात वेळेत पोचावं लागतं. चावला तर मंत्र-उतारा करत न बसता थेट रुग्णालय गाठा. चपला झटकून घाला, अंथरूण झटकून झोपा, अंधारात अनवाणी अंगणात उतरू नका.

एसटीने येणार असाल तर ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे, ७५च्या पुढे राज्याच्या हद्दीत प्रवास मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा.

प्रश्न : यांना महिनाभर केळशी-आंजर्ल्याकडे घर घ्यायचंय. म्हणतात, स्वयंपाकघर असलं की बाहेरचं खावं लागणार नाही. लग्न झाल्यापासून मी रोज स्वयंपाक करतेय. तिथेही तेच करायचं असेल तर मी घरीच बरी. माझं चुकतंय का? (डोंबिवली)

मुळीच चुकत नाही. हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

घर भाड्याने घेण्यात बाईची सुट्टी हरवते, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. पुरुष समुद्रावर फिरून येतात आणि ‘चहा टाकतेस?’ विचारतात. ओटा अनोळखी, मिक्सरचं भांडं गळकं, विळी जमिनीवर बसून चालवायची, डबे कुठले ते ठाऊक नाही. घरच्यापेक्षा दुप्पट दमणूक. त्यामुळे जेवणाची व्यवस्था घर ठरवतानाच ठरवा, नंतर नाही. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक गावात घरगुती जेवण देणाऱ्या बायका आहेत. आदल्या संध्याकाळी सांगितलं की दुसऱ्या दिवशी ताट तयार असतं, किंवा डबा घरी येतो. आमटी, भात, एक भाजी, सोलकढी, सांगितलंत तर उकडीचे मोदक. मीठ कमी घाला, तेल कमी घाला, हे त्या ऐकतात. हॉटेलचा आचारी ऐकेलच असं नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी पापड-लोणचं-सुकट मात्र स्वतःच बाजूला ठेवावं. नाश्त्याला घावणे किंवा आंबोळ्या त्याच घरून सांगा. महिन्याचा हिशेब एकदम ठरवलात तर त्या बाईलाही बरं पडतं.

मासे खाणारे असाल तर मालकाला आधी विचारा. आमच्या बाजूच्या कित्येक घरांत स्वयंपाकघरात मासे-मटण चालत नाही, आणि ते घर त्यांचं आहे. तिथे वाद घालू नये. हर्णै बंदर जवळ आहे, तिथला संध्याकाळचा लिलाव बघण्यासारखा असतो. तिथून मासळी आणावी, साफ करून शिजवायला खानावळवाल्या बाईंना द्यावी, आणि आपण तिच्याकडे जाऊन जेवावं.

तुमच्या स्वयंपाकघरात मग उरतो चहा आणि रात्रीचा मऊ भात. तांदूळ, मेतकूट, तूप घरून न्या. तो भात त्यांनी लावावा. सकाळचा चहाही. हे निघण्याआधी त्यांच्याकडून कबूल करून घ्या, आणि ते कबूल करत नसतील तर महिन्याऐवजी चार दिवस हॉटेलात राहा.

प्रश्न : इंटरनेटवर आलिबागजवळ एक बंगला बघितला. मालक म्हणतो, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आजच पूर्ण पैसे पाठवा. भरवसा ठेवावा का? (ठाणे)

आजच्या आज पूर्ण पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका. दुसऱ्याच्या बंगल्याचे फोटो लावून पैसे उकळणारे पुष्कळ आहेत, आणि घाई करणं हीच त्यांची पद्धत असते. त्याला फाटकापासून व्हिडिओ कॉल करायला सांगा. तो टाळाटाळ करील, तर विषय संपला. खरा मालक पाच मिनिटांत फाटक, विहीर, शेजारचं दुकान दाखवतो. शक्य असेल तर आधी एक दिवस जाऊन या. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे, गाडीसकट जाता येतं. राज्याच्या पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदलेलं घर असेल तर मालकाची थोडी तरी शहानिशा झालेली असते.

पैसे थोडे आगाऊ, बाकीचे पोचल्यावर. तारखा, भाडं, अनामत, विजेचं बिल कोणाचं, बेत रद्द झाला तर काय, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. यूपीआयवर येणारं नाव मालकाच्या नावाशी जुळतं का बघा. ‘अनामत परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. ओळखपत्र मागितलं तर मास्क केलेलं, म्हणजे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेलं आधार द्या. आणि पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : मी ६६ वर्षांची, एकटी. मालवणकडे दहा दिवस राहावंसं वाटतं. घरचे म्हणतात, एकट्या बाईने घर घेऊ नये. (नाशिक)

जरूर या. फक्त संपूर्ण बंगला घेऊ नका; नांदत्या घरातली स्वतंत्र दाराची एक खोली घ्या, शक्यतो मालवण गावातच. देवबाग फार सुंदर आहे, पण कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली ती चिंचोळी पट्टी. अंधार पडल्यावर रिक्षा मिळणं कठीण. गावात बाजार, डॉक्टर, एसटी स्थानक चालत्या अंतरावर असतात.

मुंबईहून मांडवी एक्स्प्रेस पकडा. ती सकाळी सुटते आणि कुडाळला दिवसाउजेडी पोचवते. कुडाळहून मालवण सुमारे ३० किलोमीटर, एसटीत बायकांना अर्धं तिकीट. रात्रीच्या गाडीने यायचं झालं तर लोअर बर्थचा कोटा मागा. एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांना तो ४५ वर्षांपासून मिळतो. रिक्षाचं खोलीच्या मालकीणबाईंनाच ठरवायला सांगा. ‘एकट्याच आलात?’ असं तुम्हाला सगळे विचारतील. त्यात काळजी असते, उलटतपासणी नसते. मोकळेपणी उत्तर द्या, दुसऱ्या दिवसापासून तीच माणसं तुम्ही दिसला नाहीत तर दार वाजवतील.

प्रश्न : जुलैत घरं स्वस्त मिळतात म्हणे. तेव्हा यावं का? (कोल्हापूर)

साठीच्या पुढच्यांनी नको. पाखाड्यांवर, अंगणात शेवाळ धरतं, वीज तासन् तास जाते, समुद्रात पाऊल टाकता येत नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे मासेही फारसे नाहीत. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने हळू चालते. ऑक्टोबरचा उकाडा संपला की या. नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरचा मध्य सगळ्यात चांगला. हवा कोरडी, गर्दी कमी, आणि मालकांशी भाड्याचं बोलता येतं. नाताळच्या आठवड्यात तीच घरं दुप्पट भाडं सांगतात आणि शेजारच्या बंगल्यात रात्रभर स्पीकर चालू असतो.