.४५ कोल्टच्या दोन तक्त्यांपैकी तुमचा कोणता?

तुम्ही विचारलंय की टेक्सासात .४५ कोल्टचं सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वर सेकंडहँड घेतलंय, काडतुसं घरी भरायची आहेत, आणि रीलोडिंगच्या (काडतुसं पुन्हा भरण्याच्या) पुस्तकात या एकाच काडतुसाचे, किती पावडर भरायची ते सांगणारे, दोन वेगळे तक्ते आहेत. रायफलवाला मित्र म्हणतो, प्रायमर (काडतुसाच्या बुडाची, पावडर पेटवणारी टिकली) चपटा दिसेपर्यंत थोडी थोडी पावडर वाढवत जा, मग एक पायरी मागे ये. हे बरोबर का?

.४५ कोल्टसाठी साफ चूक. मित्र खोटं सांगत नाहीये, पण तो त्याच्या .३०-०६ रायफलबद्दल बोलतोय. तिथे कमाल दाब ६०,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) असतो आणि त्या टापूत काडतुसाची पितळी केस, प्रायमर काहीतरी बोलतात. .४५ कोल्टची सॅमीने (अमेरिकेतली दारूगोळा उत्पादकांची मानकसंस्था) ठरवलेली मर्यादा आहे १४,००० पीएसआय. जास्त ताकदीच्या मॅग्नम काडतुसांत .३५७ मॅग्नमची ३५,०००, .४४ मॅग्नमची ३६,०००. म्हणजे मॅग्नम जिथे रोज सुखाने राहतं तिथे तुमचं काडतूस पोहोचलं, तर ते मर्यादेच्या अडीचपट गेलेलं असेल आणि प्रायमर तरीही गोल गरगरीत दिसू शकेल. रिकाम्या केसेस चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या भोकात) अडकू लागल्या, त्या बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर रॉडला ठोकावं लागलं, तर तो इशारा नाही. तोवर मर्यादा कधीच मागे पडलेली असते.

आता नेहमीचा प्रतिप्रश्न: त्याच आकाराचं रिव्हॉल्वर .३५७ मॅग्नममध्येही मिळतं, ते ३५,००० पेलतं, मग .४५ का नाही? पोलाद तेच, पण भोक मोठं. .३५७ ची केस साधारण ९.६ मिलिमीटर जाड, .४५ कोल्टची १२.२. सिलिंडरचा (काडतुसं धरणाऱ्या फिरत्या नळकांड्याचा) बाहेरचा व्यास तोच ठेवून सहा भोकं अशी रुंदावली, की प्रत्येक चेंबरच्या बाहेरच्या अंगाला सव्वा मिलिमीटर भिंत कमी होते, शेजारच्या दोन चेंबरमधली त्याहून जास्त. त्यातच सिलिंडर जागेवर अडवणाऱ्या बोल्टची खाच कोल्टच्या रचनेत नेमकी चेंबरच्या डोक्यावर कोरलेली असते. सगळ्यात पातळ जागा तीच. फुटलेल्या रिव्हॉल्वरचे फोटो पाहिले असतील तर आठवा: सिलिंडरचा वरचा अर्धा भाग गायब आणि फ्रेमची वरची पट्टी आभाळाकडे वाकलेली.

तर दुसरा तक्ता कोणासाठी? त्याच्यावर बहुधा 'फक्त रुगर' अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं असतं आणि तो साधारण २५ ते ३० हजारांपर्यंत जातो. रुगर या अमेरिकन बंदूक कंपनीच्या मोठ्या फ्रेमच्या (सांगाड्याच्या) ब्लॅकहॉक रिव्हॉल्वरसाठी तो आहे. खरी मेख मात्र इथे आहे, कारण 'रुगर' एवढं नाव वाचून लोक निश्चिंत होतात. १९९३ पासूनचा रुगरचाच जुना व्हाकेरो मोठ्या फ्रेमचा होता. २००५ मध्ये आलेला न्यू व्हाकेरो मुद्दाम कोल्टच्या मापाचा, लहान केला. त्याला पहिलाच तक्ता. ब्लॅकहॉकच्याही काही आवृत्त्या मधल्या फ्रेमवर निघाल्या आहेत, म्हणून सिरियल नंबर देऊन कंपनीलाच विचारा. कोल्ट किंवा इटालियन नक्कल असेल तर विचारायचंही कारण नाही, १४,००० ची रेघ ओलांडायची नाही.

जुन्या पुस्तकात सीयूपी हे एकक दिसेल. तांब्याचा तुकडा किती चेपला यावरून काढलेला तो आकडा, पीएसआय नव्हे, आणि एकातून दुसरं काढायचं सरळ सूत्रही नाही. .३५७ मॅग्नमचे ४५,००० सीयूपी आणि ३५,००० पीएसआय शेजारी ठेवलेत तर कळेल.

इतकं दाबाबद्दल लिहिलं, पण घरी भरताना माझी भीती तक्त्यापेक्षा दुबार भरणीची जास्त आहे. (पावडरच म्हणतो, 'दुबार दारू भरली' म्हटलं की आमच्या घरी वेगळाच अर्थ निघतो.) ही केस १८७३ च्या कोल्टसाठी बनली तेव्हा तिच्यात ४० ग्रेन (सुमारे २.६ ग्रॅम) काळी पावडर मावायची. आजच्या जलद जळणाऱ्या धूरविरहित पावडरची भरणी तिच्या तळाशी चिमूटभर बसते. दोनदा पडली तरी वर उतू येत नाही, गोळी निमूट बसते, आणि दाब नुसता दुप्पट नाही, त्याच्या कितीतरी पुढे जातो. एका रविवारी फोन वाजला म्हणून मी मध्येच उठलो आणि परत आल्यावर एका केसमध्ये दुसऱ्यांदा पावडर ओतली. पन्नासही केसेस ब्लॉकमध्ये उभ्या करून टॉर्च मारायची सवय होती म्हणून तीच एक उंच दिसली. तेव्हापासून फोन स्वयंपाकघरात राहतो, आणि केस निम्म्याच्या वर भरेल अशीच फुगीर पावडर मी निवडतो. दोनदा पडली तर टेबलावर सांडते.

उलट बाजूही आहे. भीतीपोटी मनाने पावडर कमी करू नका. गोळी नळीतच अडकली आणि लक्षात न येता पुढचा बार झाला, तर नळी फुगते. एच-११० सारख्या पावडरी तर कमी केलेल्या चालतच नाहीत; उत्पादक कमाल भरणीपासून ३ टक्क्यांहून जास्त खाली उतरू नका म्हणतो. पुस्तकात सुरुवातीची भरणी दिलेली असते तिथूनच सुरू करा, गोळीचं वजन आणि बसवण्याची खोली तीच ठेवा. गोळी खोल गेली की आतली जागा घटते आणि दाब चढतो. क्रॉनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) घ्या. वेग पुस्तकापेक्षा जास्त आला तर दाबही जास्त आहे असं धरून थांबा.

भारतातून कोणी वाचत असेल तर, तिकडे हा घरगुती छंद नाही. काडतुसं बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो.

तुमच्या फ्रेमवर आणि नळीवर काय कोरलंय ते अक्षरशः लिहून पाठवा, मग तक्ता कोणता ते सांगतो. तोपर्यंत पहिला.