गरिबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी जकात (ऐपतदार मुस्लिमांनी दरवर्षी द्यायचं बंधनकारक दान) देता येते का?

येते, पण पैसा गरजू रुग्णाच्या मालकीचा झाला पाहिजे. कुरआनच्या सूरह तौबातील ६०व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत फकीर आणि मिस्कीन, म्हणजे गरीब आणि गरजू, पहिले. नुसता आजार पुरेसा नाही, रुग्ण गरीबही हवा.

गफलत इथेच होते. रुग्णालयाच्या सर्वसाधारण निधीत टाकलेली रक्कम इमारत, यंत्रं, पगार यांवर जाते. हनफी मतानुसार (हनफी ही सुन्नी इस्लामी कायद्याची एक परंपरा) त्यात कुणी गरीब मालक होत नाही, म्हणून जकात अदा होत नाही. अशा खर्चाला सदका, म्हणजे ऐच्छिक दान, द्यावा, तोही तितकाच हवा असतो.

त्यामुळे एक तर रक्कम रुग्णाच्या हातात द्या आणि बिल त्यालाच भरू द्या, किंवा शस्त्रक्रियेआधी त्याच्याकडून लेखी संमती घ्या: ‘माझ्या वतीने जकात स्वीकारून माझं बिल भरा.’ रुग्ण लहान असेल तर पालकाची संमती घ्यावी, आणि पालकही गरीब असावा. संस्थेमार्फत देणार असाल तर जकातीचं खातं वेगळं आहे का, हे आधी विचारा.

हिशोब फक्त शस्त्रक्रियेचा धरू नका. नंतर काही आठवडे डोळ्यांत थेंब घालावे लागतात. ते परवडले नाहीत की रुग्ण मध्येच सोडतो, सूज वाढते आणि मिळालेली दृष्टी धोक्यात येते. थेंब, चष्मा विकत घेऊन थेट रुग्णाला दिले तरी जकात अदा होते.

हनफी मतानुसार स्वतःचे आईवडील, मुलं, पती-पत्नी यांना मात्र जकात चालत नाही. गरीब भाऊ-बहिणीला चालते.