खालच्या मजल्यावरून वरच्या सबनेटमधला नॅस का सापडत नाही?

तुमची मांडणी मला समजली ती अशी. खाली इंटरनेटवाल्याचा राउटर १९२.१६८.१.१, त्याच्या केबलवर वरच्या मजल्याचा तुमचा राउटर १९२.१६८.२०.१. म्हणजे घरात दोन सबनेट, पत्त्यांचे दोन वेगळे गट. वरून खालचा प्रिंटर चालतो, पण खालच्या पीसीवरून वरचा नॅस (नेटवर्कला जोडलेला फाइलींचा साठा) उघडत नाही. आणि तुम्ही विचारताय, डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) कुठल्या राउटरवर बंद करू?

कुठेच बंद करू नका. सबनेट दोन म्हटल्यावर दोघांना आपापला डीएचसीपी लागतोच. पत्ता मागणारा फोन २५५.२५५.२५५.२५५ वर सगळ्यांना हाक मारतो, आणि राउटर ती हाक पलीकडे जाऊ देत नाही. म्हणून दोघांची गाठच पडत नाही, फक्त खालून आलेली केबल वरच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्येच (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या) हवी. आमच्याकडे रंगकामानंतर ती चुकून लॅन पोर्टमध्ये (घरातल्या उपकरणांच्या) लागली. संध्याकाळी खाली बसलेल्या आईच्या फोनवर पत्ता १९२.१६८.२०.३७, वायफाय फुल आणि इंटरनेट बंद, शेजारच्या लॅपटॉपवर मात्र सगळं सुरळीत. ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता फोन घेतो, त्यामुळे हा घोळ लवकर लक्षातच येत नाही. तेव्हापासून त्या वॅन पोर्टजवळ पिवळी चिकटपट्टी लावून ठेवली आहे.

तुमची खरी अडचण रूटिंगची, म्हणजे वाट दाखवण्याची आहे. वरून खाली जाताना तुमचा राउटर नॅट करतो, म्हणजे मागणीवर आतल्या पत्त्याऐवजी स्वतःचा पत्ता लावतो, त्यामुळे प्रिंटरला ती मागणी १९२.१६८.१ मधल्याच एका पत्त्यावरून आलेली दिसते आणि उत्तर बिनबोभाट परत येतं. उलट दिशेने खालच्या राउटरला १९२.१६८.२० नावाचं काही घरात आहे हेच माहीत नाही. तो ते पॅकेट (डेटाचा तुकडा) सरळ इंटरनेटच्या दिशेने ढकलतो आणि ते वाया जातं.

आधी खालच्या राउटरच्या डीएचसीपीमध्ये वरच्या राउटरसाठी १९२.१६८.१.२ हा पत्ता राखून ठेवा, कारण तो बदलला की पुढचं सगळं फुकट. मग खालच्या राउटरवर स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेली वाट, टाका: नेटवर्क १९२.१६८.२०.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.२. वरच्या राउटरच्या फायरवॉलमध्ये (नको ती ये-जा अडवणारी सोय) १९२.१६८.१.० कडून येणाऱ्यांना आत सोडा. नॅट बंद करायची घाई नको. ते बंद केलं की वरच्या सबनेटचं नॅटही खालच्या राउटरने करायला हवं, आणि काही राउटर स्वतःच्या सबनेटपलीकडे ते करत नाहीत, मग वरचं इंटरनेटच जातं.

एवढं करूनही पिंग (पलीकडचं उपकरण उत्तर देतं का याची चाचणी) लागतो पण फाइल कॉपी करताना अडकते, असं होऊ शकतं. जाताना पॅकेट खालच्या राउटरमार्गे जातं, येताना मात्र वरचा राउटर थेट पीसीला उत्तर देतो. खालच्या राउटरच्या फायरवॉलला अर्धंच संभाषण दिसतं आणि तो ते तोडतो. माझा एक अख्खा रविवार यात गेला. उपाय साधा आहे: तोच रूट पीसीवरच कायमचा टाका. इंटरनेटवाल्याच्या राउटरमध्ये स्टॅटिक रूटची सोयच नसेल तरी हा मार्ग चालतो. आणि वरच्या राउटरमध्ये फायरवॉलचा नियम करता येत नसेल, तर त्याच्यावर ४४५ पोर्ट (विंडोज फाइल शेअरिंगचा क्रमांक) नॅसकडे फॉरवर्ड करा आणि खालून १९२.१६८.१.२ हाच पत्ता उघडा. मग रूटची गरजच नाही.

नेटवर्कच्या यादीत नॅस आपोआप दिसेल अशी वाट पाहू नका. ती यादी बनवणाऱ्या हाका सबनेट ओलांडत नाहीत. पत्ता हाताने टाइप करा, आणि त्यासाठी नॅसचा पत्ताही वरच्या डीएचसीपीमध्ये राखून ठेवा.

कॅमेरे किंवा पाहुण्यांचे फोन वेगळे ठेवायचे नसतील, तर मी दोन सबनेट ठेवणारच नाही. वरचा राउटर ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय देणारा, करा: त्याला १९२.१६८.१.२ पत्ता द्या, तेव्हा मात्र त्याचा डीएचसीपी बंद करा, आणि मगच केबल लॅन पोर्टमध्ये लावा.

दोन सबनेट ठेवलीत तर पीसीवरून नॅसच्या पत्त्यावर ट्रेसरूट (पॅकेट कुठल्या राउटरमधून जातं ते दाखवणारी आज्ञा) चालवून पाहा. पीसीवर रूट टाकला असेल तर पहिल्याच ओळीत १९२.१६८.१.२ यायला हवं. तिथे १९२.१६८.१.१ आणि पुढे नुसते तारे दिसले, तर त्या ओळी इथे टाका, मी बघतो.