रोज फोटो काढतो, तरी सगळे सारखेच का दिसतात?

प्रश्न: मी वेंगुर्ल्यात राहतो. ऑफिस सुटलं की रोज बंदरावर कॅमेरा घेऊन जातो, सेकंडहँड डीएसएलआर आहे, सोबत कॅमेऱ्याबरोबर येते ती १८-५५ मिमीची किट लेन्स. गणपतीपासून सहसा खाडा नाही, पण फोटो बघितले तर तेच सनसेट, त्याच होड्या. आता दुसरी जागा शोधू का? आणि पावसाळ्यात कॅमेरा बाहेर काढता येत नाही, तेव्हा काय करायचं?

उत्तर: जागा अजिबात बदलू नका. प्रागचा छायाचित्रकार योसेफ सुदेक, त्याचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता, आणि त्या माणसाने १९४० ते १९५४ आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले, तीच खिडकी, कधी काचेवर पाणी तर कधी दव. तुमच्याकडे तर अख्खं बंदर आहे! भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणजे तुम्ही रोज सहालाच गेलात तरी आज पाणी होडीला टेकलेलं असेल आणि आठवड्याने तिथेच ओली वाळू उघडी असेल.

सारखेपणा येतोय तो तुम्ही रोज बुडत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहता म्हणून. आपला किनारा पश्चिमेचा, संध्याकाळी समुद्राकडे कॅमेरा धरला की होड्या काळ्याच येणार. आठ दिवस सूर्याकडे पाठ करा. तोच उजेड मासे विकणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर, कौलांवर, जांभ्याच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) पडलेला असतो आणि तो फार सुंदर असतो, लोक बघतच नाहीत.

मग एकेक गोष्ट धरा. लेन्स ३५ मिमीवर ठेवा आणि झूमला हातच लावू नका, जवळ जायचं तर पायांनी जा. पुढचे काही दिवस फक्त शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं ते: १/१००० सेकंदाला उडणारा पक्षी जागच्या जागी थांबतो, १/१५ ला लाट पुसट, ओघळल्यासारखी येते (कॅमेरा जेटीच्या कठड्यावर टेकवा, हातात हलणार). रापण (किनाऱ्यावरून बरेच जण मिळून ओढतात ते मोठं जाळं) ओढताना दिसली तर नुसती जाळ्यातली मासळी टिपून परत येऊ नका, दोर धरलेले हात, वाळूत रुतलेले पाय, मग वाटे घालणं, सगळं बघा. पण आधी बोला, विचारा, जमलं तर दोराला हात लावा, आणि फोटो त्यांना नक्की पाठवा. ओळख झाल्यावर माणसं कॅमेऱ्यासमोर अवघडत नाहीत, माझ्या मते सरावाचा हा भाग सेटिंगपेक्षा मोठा.

रात्री त्या दिवसाचा एकच फोटो निवडा आणि तोच का, ते एका ओळीत लिहून ठेवा. हे टाळू नका, नजर इथेच तयार होते.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकलेल्या, जाळी विणायचं काम चाललेलं. पडवीतल्या मऊ उजेडात जाळं विणणारे हात, यासारखा विषय नाही. आणि लेन्सला बुरशी लागू नये म्हणून कॅमेरा कापडी बॅगेत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) घालून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा घेऊन भरले असं समजा, कढईत मंद आचेवर तापवले की परत निळे होतात, फक्त ती कढई स्वयंपाकाला वापरू नका.