'प्रकाशसंवेदनशील' की 'प्रकाशसंवेदी'?

प्रश्न असा आला आहे. डीटर ओस्टरहेल्ट या जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञाची ओळख करून देणाऱ्या लेखात एकीने 'सूक्ष्मजीवांच्या पेशीपटलातील प्रकाशसंवेदनशील प्रथिने' असं लिहिलं. लेख तपासून देणाऱ्या मैत्रिणीने 'संवेदनशील' खोडून 'संवेदी' केलं. दोघींपैकी बरोबर कोण?

मैत्रिणीचा कान तयार आहे, हे आधी कबूल करतो. पण ओस्टरहेल्ट यांचं नाव ज्या प्रथिनाशी जोडलं गेलं आहे, त्याला यातलं एकही विशेषण नीट बसत नाही. का, ते सांगतो.

आधी 'शील' बघू. सहनशील, विचारशील, प्रयत्नशील. शील म्हणजे स्वभाव, अंगवळणी पडलेली वृत्ती. त्यामुळे 'संवेदनशील' म्हटलं की मराठी कानाला कुणाचं तरी मन ऐकू येतं. त्यात वर्तमानपत्रांनी या शब्दाला आणखी एक छटा चिकटवली: संवेदनशील मतदान केंद्र, संवेदनशील भाग, संवेदनशील माहिती, संवेदनशील त्वचा. या सगळ्यांत समान काय? जरा धक्का लागला की बिघडेल, जपून हाताळा. याच अर्थाने छायाचित्रणाची फिल्म किंवा काळसर बाटलीत ठेवावं लागणारं औषध 'प्रकाशसंवेदनशील' म्हणावं. उजेड लागला की त्याचं काहीतरी कायमचं होऊन बसतं.

'संवेदी'चं तसं नाही. मुळात 'विद्' म्हणजे जाणणं, आणि शेवटचा 'ई' कर्त्याचा: जो जाणतो तो. इथे हळवेपणा नाही, नुसती जाण आहे. संवेदक, सुदूर संवेदन हे शब्द याच घरातले. म्हणून विज्ञानलेखनात बहुतेक ठिकाणी 'संवेदी' सरस ठरतो. पण जाणतो म्हणजे कुणासाठी तरी जाणतो. खबर घेतो आणि ती पुढे पोचवतो. ओस्टरहेल्ट यांचं प्रथिन खबर पोचवत नाही. ते राबतं.

हे प्रथिन सापडलं हॅलोबॅक्टेरियम नावाच्या सूक्ष्मजीवात. समुद्रापेक्षा कितीतरी खारट पाण्यात, मिठागरात नाहीतर खाऱ्या तळ्यात हा सुखाने राहतो. गोड्या पाण्यात टाकला की फुटून जातो. त्याच्या पटलाचे, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्याचे, काही तुकडे जांभळे असतात. सॅन फ्रान्सिस्कोत वाल्टर स्टोकेनियस यांच्या प्रयोगशाळेत या जांभळ्या तुकड्यांवर काम करताना ओस्टरहेल्ट यांच्या हाती आलं ते रेटिनल, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाचंच एक रूप. रेटिनल प्राण्यांच्या डोळ्यात असतं, तिथल्या रोडॉप्सिन या प्रथिनात बसलेलं. ज्याला डोळाच नाही अशा एकपेशीय जीवात त्याचं काय काम? 1971 मध्ये दोघांनी या नव्या प्रथिनाला नाव दिलं बॅक्टेरिओरोडॉप्सिन, आणि 1973 मध्ये त्याचं कामही दाखवून दिलं.

ते काम सांगायला मराठीत एक नेमकं क्रियापद आहे: उपसणं. विहिरीतलं पाणी उपसतात, कारण ते आपण होऊन वर येत नाही. तसे हे प्रथिन पेशीच्या आतले प्रोटॉन बाहेर उपसतं. प्रकाशाचा एक कण पडला की रेटिनलचा सरळ रेणू एका ठिकाणी वाकतो, त्या हिसक्यात एक प्रोटॉन बाहेर जातो, आणि सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात रेणू पुन्हा सरळ होऊन पुढच्या फेरीला तयार. बाहेर प्रोटॉनची गर्दी झाली की ते परत आत यायला बघतात. त्यांच्या वाटेवर दुसरं एक प्रथिन बसलेलं असतं. पाण्याच्या लोंढ्यावर चक्र फिरावं तसं ते फिरतं आणि पेशीची ऊर्जेची नाणी, एटीपी, पाडतं. 1974 मध्ये एफ्राईम रॅकर आणि स्टोकेनियस यांनी मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत हे जांभळं प्रथिन आणि गुरांच्या हृदयपेशीतलं एटीपी बनवणारं प्रथिन एकत्र बसवलं. दिवा लावला, एटीपी तयार झालं. पटलाच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनच्या तफावतीतून पेशी ऊर्जा मिळवते, हे पीटर मिचेल यांचं म्हणणं तोवर अनेकांना पटत नव्हतं. त्या म्हणण्याला यातून मोठा आधार मिळाला. मिचेल यांना 1978 चं नोबेल मिळालं.

आता सांगा, याला 'संवेदी' म्हणायचं? पाणी उपसणाऱ्या पंपाला विजेची 'जाण' असते असं आपण म्हणत नाही. तो विजेवर चालतो. तसं हे प्रथिन प्रकाशावर चालतं: प्रकाशचालित. (इथे 'चलित' नको. 'स्वयंचलित' रुळलेला आहे, त्याला हात लावू नये. पण 'चलित' म्हणजे हललेला आणि 'चालित' म्हणजे दुसऱ्याने चालवलेला. प्रकाश चालवतो आहे, म्हणून चालित.)

गंमत म्हणजे याच इवल्याशा जीवाच्या पटलात या कुळातली चार प्रथिनं नांदतात. दोन उपसणारी: एक प्रोटॉन बाहेर काढतं, दुसरं, हॅलोरोडॉप्सिन, क्लोराइड आत ओढतं. उरलेली दोन मात्र खरोखर संवेदी आहेत. ती स्वतः काही उपसत नाहीत; कसला उजेड आहे ते शेजारच्या प्रथिनाला कळवतात आणि मग पेशी कामाच्या नारिंगी प्रकाशाकडे पोहत जाते, निळ्या प्रकाशापासून पळ काढते. तेव्हा मैत्रिणीचा शब्द वाया जात नाही, फक्त योग्य जागी बसवावा लागतो. आणि चौघांना मिळून एकच विशेषण हवं असेल तर 'प्रकाशग्राही' घ्या. ग्रहण करणं सगळ्यांत आहे. पुढे त्याचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

'प्रकाशसंवेदनशील' शब्दालाही या गोष्टीत एक हक्काची जागा आहे, ती डोळ्यात. 1876 मध्ये फ्रान्झ बोल यांना दिसलं की बेडकाच्या दृष्टिपटलाचा लालसर रंग उजेडात विटत जातो. तेच रोडॉप्सिन. आपल्या डोळ्यात प्रकाश पडला की रेटिनल शेवटी प्रथिनापासून सुटतं आणि रंग उडतो. ते नव्याने घडवून आणून बसवावं लागतं. हळवं म्हणावं तर हे. जांभळ्या प्रथिनात रेटिनल जागा सोडत नाही, आपलं आपण पूर्ववत होतं. एकाच रंगद्रव्याचे हे दोन स्वभाव!

नावाबद्दल न बोलता पुढे जाववत नाही. ग्रीकमध्ये 'रोडॉन' म्हणजे गुलाब, 'ऑप्सिस' म्हणजे दृष्टी. डोळ्यातल्या लालसर प्रथिनाला हे शोभतं. पण बॅक्टेरिओरोडॉप्सिन? ते गुलाबी नाही, जांभळं आहे. त्याला दिसत काही नाही. आणि ज्याच्या अंगात ते आहे तो बॅक्टेरियाही नाही: कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 मध्ये आर्किया हा एकपेशीय जीवांचा गट बॅक्टेरियांपासून वेगळा काढला आणि हॅलोबॅक्टेरियम पुढे त्यात गेला. नावाचे तिन्ही तुकडे चुकले तरी नाव टिकून आहे. म्हणून त्याचं 'जीवाणु-अमुकतमुक' असं मराठी करायच्या भानगडीत पडू नका, एक चूक दोन भाषांत होईल. लिपीत 'रोडॉप्सिन' लिहा. 'ऱ्हास'मुळे 'ऱ्ह' आपल्याला परका नाही, म्हणून काही जण 'ऱ्होडॉप्सिन' लिहितात. चूक म्हणणार नाही, पण तो 'ह' उच्चारत कुणी नाही.

'पेशीपटल' हा शब्द मात्र लेखिकेने उत्तम निवडला. 'पेशीभित्तिका' लिहिलं असतं तर अडचण होती, ती भिंत वेगळी आणि पटलाच्या बाहेरची. 'आवरण' ढोबळ आहे. पटलात प्रथिनं रुतलेली असतात, नुसतं पांघरूण नाही ते. जांभळ्या तुकड्यांत तर वजनाने तीन चतुर्थांश प्रथिनच भरतं. शिवाय डोळ्यातलं रोडॉप्सिन दृष्टिपटलात आणि सूक्ष्मजीवातलं पेशीपटलात. मराठीत आपसूक जुळलेला हा धागा इंग्रजीच्या वाट्याला आलेला नाही.

लेखात पुढे ऑप्टोजेनेटिक्स, म्हणजे प्रकाशाने पेशींचं काम हवं तेव्हा चालवण्याचं तंत्र, येणारच, म्हणून तेवढं सांगून ठेवतो. 2002 आणि 2003 मध्ये पीटर हेगेमान, गेऑर्ग नागेल आणि अर्न्स्ट बामबर्ग यांच्या गटाने एका हिरव्या शैवालातली अशी प्रथिनं ओळखली, जी प्रकाश पडताच पटलात वाट मोकळी करून देतात. इथे 'उपसणं' वापरू नका. कालव्याचं दार उघडलं की पाणी आपल्या उताराने वाहतं, तसे आयन इथून जातात. याला 'आयनवाहिनी' चालेल. 2005 मध्ये कार्ल डाइसरोथ यांच्या प्रयोगशाळेत एड बॉयडन आणि फेंग झांग यांनी हे प्रथिन बनवणारं जनुक चेतापेशीत घातलं आणि निळ्या प्रकाशाच्या झोताने ती पेशी हवी तेव्हा चेतवली. वैद्यकीय संशोधनासाठीचा 2021 चा लास्कर पुरस्कार हेगेमान, ओस्टरहेल्ट आणि डाइसरोथ या तिघांना मिळून दिला गेला. या तंत्राला 'प्रकाशानुवंशिकी' असा शब्द करायचा मोह होईल, पण त्यात आनुवंशिक गुणांचा अभ्यास शोधायला गेलेला वाचक फसेल. ऑप्टोजेनेटिक्सच राहू द्या आणि पहिल्या उल्लेखाला अर्ध्या ओळीत अर्थ सांगा.

राहिलं लेखिकेचं मूळ वाक्य. मी असं लिहीन: 'ओस्टरहेल्ट यांनी सूक्ष्मजीवांच्या पेशीपटलातील प्रकाशग्राही प्रथिनांचा अभ्यास केला, त्यांतलं बॅक्टेरिओरोडॉप्सिन हे प्रकाशावर चालणारा प्रोटॉनचा पंप आहे, हे त्यांनी व स्टोकेनियस यांनी दाखवून दिलं.' 'प्रकाशचालित' इथे मीच टाळला, कारण पूर्ण वाक्यात 'प्रकाशावर चालणारा' जास्त मोकळं वाटतं. शीर्षकात किंवा आकृतीखाली जागा कमी असेल तेव्हा तो जोडशब्द काढा.